तेलंगणातल्या उटनूरहून एका दिवसात

आधी केसलापूर. मेसराम कुळातल्या गोंडांच्या नागोबाची जत्रा इथे पौष अमावास्येला भरते. अभिषेकासाठी गोदावरीचं पाणी कुळातली माणसं अनवाणी चालत आणतात. एरवी गाव निवांत, म्हणून विद्यार्थ्याने लोकांशी बोलायला जावं ते एरवीच. वाटेत इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ च्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या आदिवासींचा स्मारकस्तंभ आहे. पण जास्त वेळ राखावा तो उलट दिशेच्या मार्लवाईसाठी. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात इथे राहिले. गोंड शिक्षक घडवणारं केंद्र १९४३ मध्ये इथेच निघालं. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी यांची समाधीही इथेच. पुढे उशेगावात ओजा कारागीर मेणाच्या साच्यावरून पितळी मूर्ती ओततात. तेलुगू येत नसेल तर मराठीवर बरंच निभावतं.