ओपन आला, क्लोज हुकला

रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. रतन खत्रीच्या मटक्याचं हे वेळापत्रक लालबाग-परळच्या चाळींना गिरणीच्या पाळ्यांसारखं पाठ होतं. त्याआधी हा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर चालायचा. ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा 1962 साली कल्याणजी भगतने वरळीत नवा खेळ मांडला आणि दोन वर्षांनी खत्रीने आपला वेगळा. गठ्ठ्यातून तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक तो ओपन. पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

एका आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला नव्वद. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावला तर दहा जातात आणि नऊ परत येतात. साचेखात्यात तयार मालावर मजुरी मोजून घेणाऱ्या कामगाराला एवढं गणित जमत नव्हतं, असं मानणं म्हणजे त्याचा अपमान आहे. त्याला ते नक्की कळत होतं. मग चाळिशीतला, अनुभवी, संसारी माणूस रोज हरूनही का शिकला नाही? शिक्षणाचा अभाव, दारिद्र्य, व्यसन ही नेहमीची उत्तरं मला अपुरी वाटतात. त्याचा मेंदू शिकत होता, आणि तेही भलत्या जोमाने. फक्त जिथे शिकण्यासारखं काही नव्हतं, तिथे.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्ग विद्यापीठात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संदेश टिपले. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा थेंब पडला की सुरुवातीला या पेशी उसळायच्या. रसाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली, तशी काही दिवसांत ती उसळी दिव्याकडे सरकली. रस आला तरी पेशी शांतच. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचं काम मंदावायचं. म्हणजे डोपामिन बक्षिसाची मोजणी करत नाही. अपेक्षा किती होती आणि हातात किती पडलं, यातला फरक तो मेंदूला कळवतो. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर ‘हे पुन्हा कर’, कमी मिळालं तर ‘हे सोड’. शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 मध्ये हा हिशेब गणिताच्या भाषेत मांडला.

पगाराचा अपेक्षित आकडा हातात पडतो तेव्हा या यंत्रणेला फारसं सांगण्यासारखं काही नसतं. अवचित लागलेली जोडी मात्र तिला हलवून सोडते. मटक्याची खरी करामत डावाचे दोन तुकडे करण्यात होती. समजा 47 लावली आहे. नऊला चार फुटला. आता बारापर्यंत तीन तास मन लागणार नाही. बाराला आठ आला. हरलो, पण ‘एकाने हुकलं’ असं वाटतं. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की अशा थोडक्यात हुकलेल्या डावानंतर जिंकताना जागे होणारे मेंदूतले काही भाग चाळवतात आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते. कॅरममध्ये हे रास्तच आहे: सोंगटी कडेला लागून परतली तर पुढच्या वेळी कोन थोडा बदलता येतो. पत्त्यांना कोन नसतो. तरीही जुन्या आकड्यांचे चार्ट घेऊन त्यांत क्रम शोधणारे तेव्हाही होते, आजही मोबाइलवर आहेत. त्यांची चिकाटी एखाद्या संशोधकाला शोभावी अशी असते, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट.

वय वाढतं तसं या यंत्रणेचं काय होतं? डोपामिनचा संदेश झेलणारे ग्राही (रिसेप्टर) प्रौढपणी दशकागणिक कमी होत जातात. रुमाना चौधरी आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सत्तरीच्या आसपासच्या लोकांना बक्षिसाचे खेळ खेळायला दिले (2013). बक्षीस मिळाल्याची नोंद त्यांच्या मेंदूत ठळक होती, पण अपेक्षेची नोंद सापडेना. वजाबाकीतली एक बाजूच गायब, मग फरक कसा निघणार? डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा हे औषध दिल्यावर त्यांच्यातल्या काहींची शिकण्याची गती तरुणांइतकी झाली. सगळ्यांची नाही.

या लेव्होडोपाचं दादरशी जुनं नातं आहे. कोकणात लहानपण गेलेल्यांना खाजकुइलीच्या शेंगा विसरता येत नाहीत. तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं ते मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी, 1937 मध्ये. पुढे दादरच्या झंडू कंपनीने त्याच बियांपासून पार्किन्सनसाठी एचपी-200 ही पूड तयार केली. 60 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले.

पार्किन्सनमध्ये डोपामिन पेशीच मरतात, म्हणून शिकण्यातला फरक इथे उघडा दिसतो. मायकेल फ्रँक यांना 2004 मध्ये आढळलं, की औषध न घेतलेले रुग्ण चुकांमधून चांगले शिकतात आणि औषध घेतलेले बक्षिसांमधून. औषधाने डोपामिनची पातळी भरलेली राहिली की ‘हे सोड’ सांगणारा तो खळगा पुरेसा खोल पडतच नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी जुगाराच्या नादी लागलेल्या 11 पार्किन्सन रुग्णांची माहिती छापली. सगळेच डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेत होते, त्यांतले 9 जण प्रामिपेक्सोल. ज्यांची माहिती पुढेही मिळत राहिली, त्यांचा नाद औषध कमी किंवा बंद केल्यावर ओसरला.

म्हणून अशी औषधं सुरू करताना डॉक्टर पैशांच्या व्यवहारांची चौकशी करतात. गिरणगावातल्या आजोबांना ‘जुगार खेळता का?’ असं विचारलं तर मान ठाम नकारार्थी हलेल. ‘आकडा लावता का?’ असं विचारावं, आणि शक्यतो आजींना.