बदलाची गाडी आणि सहप्रवासी

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर म्हटले की डोळ्यांसमोर येते ती तेथील तयार कपड्यांची गजबजलेली बाजारपेठ. परंतु मुळात ही वसाहत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची. पूर्वी तिचे नाव विनयनगर होते. पुढे तिला सरोजिनी नायडू यांचे नाव देण्यात आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून नोकरीनिमित्त राजधानीत आलेल्या कुटुंबांची ही वस्ती असल्यामुळे गावाकडे जाणारी रेल्वेगाडी हा येथील जीवनाचा अविभाज्य भाग. दिल्लीच्या रिंग रेल्वेवर सरोजिनी नगरचे स्वतंत्र स्थानक आहे. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण केंद्रही येथे वर्षानुवर्षे चालत आले आहे. या केंद्रातील संगणकामागे जी यंत्रणा उभी आहे, ती सांभाळणारी ‘क्रिस’ ही रेल्वेची संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे कार्यालय जवळच्याच चाणक्यपुरीत आहे.

आज कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळते आणि त्यात कोणालाच नवल वाटत नाही. परंतु हे घडवून आणणे केवळ यंत्रे विकत घेण्याइतके सोपे नव्हते. ज्या सहकाऱ्यांच्या हातून हे काम व्हायचे होते, त्यांचे मन वळविणे हा त्यातील खरा कठीण भाग होता. आज प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक बँकेत आणि विशेषतः सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या प्रत्येक गटात हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. म्हणून या अनुभवाकडे पुन्हा एकदा पाहणे उद्बोधक ठरेल.

एक गाडी, एक वही

संगणक येण्यापूर्वी आरक्षणाचे काम जाडजूड वह्यांवर चालत असे. गाडी आणि तारीख यांप्रमाणे नोंदी वेगळ्या; त्यामुळे ठरावीक गाड्यांसाठी ठरावीक खिडकी. प्रवाशाने चुकीच्या रांगेत तासभर घालविला, तर त्याला दुसऱ्या रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहावे लागे. परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असेल, तर दुसऱ्या शहराकडे तार पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. गाडी सुटण्यापूर्वी डब्याडब्याचे तक्ते तयार करायचे, तेही या वह्यांवरूनच.

या व्यवस्थेचा कणा होता आरक्षण कारकून. कोणत्या स्थानकाला किती जागांचा कोटा, महिलांसाठी किती, सैनिकांसाठी किती, ऐनवेळी रद्द झालेली जागा कोणाला द्यायची, या साऱ्याचे ज्ञान त्याच्याकडे असे. काही नियम परिपत्रकांत होते. पण ते अडचणीच्या प्रसंगी कसे लावायचे, हे अनुभवानेच कळत असे. या ज्ञानामुळे त्याला कार्यालयात एक स्थान होते. नव्या यंत्राची वार्ता त्याच्या कानी पडली, तेव्हा त्याला केवळ नोकरीची चिंता वाटली असेल असे नाही. वर्षानुवर्षे कमावलेल्या या शहाणपणाचे उद्या मोल काय, हा प्रश्नही तितकाच जिव्हारी लागणारा होता.

भीतीला कारण होते

संगणकाविषयीचा संशय त्या काळी हवेतच होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाऊस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा ठेवला होता. स्वयंचलनाचा हा प्रश्न इतका तीव्र झाला, की केंद्र सरकारने १९६९ मध्ये एक समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील ख्यातनाम अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर हे तिचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या देशात काम मागणारे हात अगणित आहेत, तेथे हातांचे काम यंत्राकडे द्यावे काय, हा त्या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. तो हेटाळणीने उडवून लावण्यासारखा खासच नव्हता.

रेल्वेत तर कामगार संघटनांची शक्ती साऱ्या देशाने अनुभवली होती. मे १९७४ मधील रेल्वे संपाच्या आठवणी पुसल्या गेलेल्या नव्हत्या. अशा वातावरणात, त्या संपानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, रेल्वेने संगणकीय आरक्षणाचा प्रयोग हाती घेतला.

नवी दिल्लीचा प्रयोग

१५ नोव्हेंबर १९८५ रोजी नवी दिल्ली येथे ‘इम्प्रेस’ नावाची आरक्षण प्रणाली प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. रेल्वे आणि सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसी ही संगणक कंपनी यांनी मिळून ती विकसित केली होती. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे आरक्षण, गाडीचे तक्ते आणि जमा रकमेचा हिशेब ही तिची उद्दिष्टे होती.

या प्रयोगातील तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, साऱ्या देशात एकाच दिवशी बदल लादला गेला नाही. आरंभ एका शहरात झाला आणि त्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद यांची पाळी आली. दुसरी, खिडकीवरील माणूस खिडकीवरच राहिला. वहीच्या जागी पडदा आला, लेखणीच्या जागी कळफलक आला. परंतु प्रवाशाशी बोलणारा कर्मचारी तोच होता. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कोट्यांचे आणि सवलतींचे ते गुंतागुंतीचे जाळे रेल्वेच्या माणसांकडून समजून घेतल्यावाचून कोणताही प्रोग्रामर ही आज्ञावली लिहू शकला नसता. जुन्या ज्ञानावरच नवी प्रणाली उभी राहिली.

याच दशकात, १९८६ ते १९८९ या काळात, ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील माधवराव शिंदे रेल्वे राज्यमंत्री होते आणि संगणकीकरणाला त्यांचे पाठबळ लाभले. वरिष्ठांचे असे पाठबळ आवश्यक असतेच. तथापि, वरून आलेला आदेश यंत्र बसवू शकतो. ते मनापासून चालविण्याची इच्छा आदेशाने निर्माण होत नाही.

कपड्यांच्या कारखान्यातील धडा

ही इच्छा कशाने निर्माण होते, याचा एक अभिजात अभ्यास संगणकाच्या नव्हे, तर शिवणकामाच्या क्षेत्रात झालेला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तेथे कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, तक्रारी वाढत आणि अनेक जण नोकरी सोडून जात. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून १९४८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांनी कामगारांचे गट पाडले. एका गटाला नेहमीप्रमाणे बदल केवळ सांगण्यात आला. या गटाचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. इतर गटांना आधी प्रश्न समजावून देण्यात आला. त्यांच्यासमोर दिसायला सारखेच दोन कपडे ठेवले गेले. त्यांतील एक आदल्या वर्षी दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेला होता. स्वस्त कोणता, हे कोणालाच ओळखता आले नाही. खर्च कमी करण्याची निकड भाषणावाचून पटली. ज्या गटांतील प्रत्येकाने नव्या पद्धतीच्या आखणीत भाग घेतला, त्यांचे उत्पादन थोड्याच दिवसांत पूर्ववत झाले आणि पुढे पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी अधिक झाले. त्या गटांतून नोकरी कोणीच सोडली नाही.

या अभ्यासाचा शेवटचा भाग अधिक बोलका आहे. पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना सुमारे अडीच महिन्यांनी दुसरे काम देण्यात आले. मात्र या वेळी त्यांनाही आखणीत सहभागी करून घेतले. तीच माणसे झपाट्याने सावरली आणि पुढे गेली. दोष माणसांच्या स्वभावात नव्हता, बदल आणण्याच्या रीतीत होता.

बँकांचा अनुभव

बँकांनीही हा मार्ग टप्प्याटप्प्यानेच चोखाळला. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये आणखी करार झाले. यंत्रे कोठे आणि किती बसवायची, ती कोणी चालवायची, त्यासाठी विशेष भत्ता काय, हे सारे चर्चेच्या मेजावर ठरले. आज त्या मर्यादा अतिसावध वाटतील. पण त्यांच्यामुळे प्रत्येक टप्प्यावर विश्वासाची पायरी बांधली गेली. केंद्रीय दक्षता आयोगाने जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याचा आग्रह धरला, तेव्हा बँकांचा कर्मचारीवर्ग संगणकाला सर्वस्वी अनोळखी राहिलेला नव्हता.

या वाटचालीची दुसरी बाजूही प्रांजळपणे पाहावयास हवी. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी निवृत्त झाले. योजना स्वेच्छेची होती, तरी अनेक शाखांतील जुनी, जाणती माणसे एकाच वर्षी गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा अनुभवही गेला. एकदा दिलेल्या आश्वासनावर बदल कायमचा तरून जात नाही. काळ बदलला की संवाद पुन्हा नव्याने सुरू करावा लागतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

सॉफ्टवेअर बदलताना

‘इम्प्रेस’ लाही पुढे निवृत्त व्हावे लागले. पाचही शहरांतील केंद्रे आपापल्या जागी स्वतंत्र होती. त्यांना एका जाळ्यात गुंफण्यासाठी ‘क्रिस’ ने ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली तयार केली. तिचा आरंभ सप्टेंबर १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे झाला आणि पाचही केंद्रे परस्परांशी जोडली जाण्यास एप्रिल १९९९ उजाडले. म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळ लागला. या अवधीत एक दिवसही आरक्षण थांबवून चालणारे नव्हते. पुढे ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट मिळू लागले, ते याच पायावर.

आज बँकेच्या वा एखाद्या उद्योगाच्या सॉफ्टवेअर विभागात बदल सुचविणाऱ्याने या इतिहासातून बरेच घेण्यासारखे आहे. समजा, एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने तपासल्याखेरीज वापरात आणू नये, अशी पद्धत कोणी सुचविली. सूचना हिताचीच आहे. तरीही पंधरा वर्षे व्याजआकारणीचा भाग एकहाती सांभाळणारा ज्येष्ठ सहकारी गप्प बसतो, किंवा ‘वेळ कोठे आहे?’ एवढेच म्हणतो. त्याला आळशी वा प्रतिगामी ठरविणे सोपे आहे. परंतु बहुधा त्याच्या मनात तीनच प्रश्न असतात: माझे स्थान राहील काय? माझ्या चुका चारचौघांत मांडल्या जातील काय? आणि मार्चअखेरच्या धावपळीत हे जादा काम कोणाच्या माथी येईल?

या प्रश्नांची उत्तरे सभेतील सादरीकरणाने मिळत नाहीत. त्यासाठी आधी त्याच्या शेजारी बसून ऐकावे लागते. व्याजाच्या हिशेबात वर्षाअखेरीस कोणत्या अडचणी येतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तपासणीची सूची तयार करण्याचे काम त्याच्याच हाती सोपवावे. पहिली तपासणी सुचविणाऱ्याने स्वतःच्या कामाची करून घ्यावी, म्हणजे हा दोष शोधण्याचा डाव नाही हे आपोआप दिसेल. आरंभ एका लहान प्रकल्पापुरता करावा आणि किती चुका वापरापूर्वीच सापडल्या याची नोंद सर्वांसमोर ठेवावी. काम वाढणार असेल, तर ते मान्य करून दुसरीकडचे काम कमी करण्याची तजवीज वरिष्ठांनी करावी. आणि प्रयोग फसला, तर जुन्या पद्धतीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवावी. परतीची वाट दिसत असली, की माणूस पुढचे पाऊल निर्धास्तपणे टाकतो.

आक्षेप घेणारा सहकारी हा अनेकदा सर्वांत उपयोगी सल्लागार असतो. नवी व्यवस्था कोठे मोडेल, हे तो आधीच पाहत असतो. त्याचा आक्षेप ऐकून घेतला तर तो सुधारणेचा मुद्दा बनतो. दडपला तर तोच पुढे, नको त्या वेळी, बिघाड म्हणून ग्राहकासमोर उभा राहतो. पासबुकातील एका चुकीच्या आकड्याने ग्राहकाचा विश्वास डळमळतो, आणि तो आकडा शुद्ध राहावा यासाठी कार्यालयाच्या आतला संवादही तितकाच शुद्ध असावा लागतो.

बदल हा एकट्याने करावयाचा प्रवास नाही. वेळापत्रक, इंजिन आणि रूळ हे सारे सिद्ध असले, तरी सहप्रवाशांना गाडी कोठे चालली आहे हे ठाऊक असावे आणि डब्यात आपली जागा निश्चित आहे याची त्यांना खात्री असावी. एवढे झाले, की गाडी ढकलण्यासाठी वेगळे मनुष्यबळ शोधावे लागत नाही.