प्रवाळांची विखुरलेली पुंजी

२०११ साली जपानमधल्या ओकिनावा विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ॲक्रोपोरा डिजिटिफेरा या प्रवाळाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. प्रवाळाचा जनुकसंच वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, त्यामुळे साध्या तुकड्यातून दोघांचा डीएनए एकत्रच हाती येतो. तो घोळ टाळण्यासाठी शैवाल नसलेले शुक्राणू वापरले गेले. सुमारे ४२ कोटी अक्षरांचा हा मजकूर समुद्रफुलाच्या जनुकसंचाशी ताडून पाहिल्यावर दोन्ही वंश जवळपास ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असा अंदाज निघाला. इतका जुना वंश आताची तापमानवाढही सोसेल, असा दिलासा त्यावरून घेता येईल. पण जनुकांचा पुरावा एवढा सरळ नाही. जुळवून घेण्याची क्षमता प्रवाळांत आहे. मात्र ती असंख्य वसाहतींत विखुरलेली आहे आणि वसाहती मरतात तशी ती घटते.

हे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर स्पष्ट दिसले. पाच अक्षांशांच्या अंतरावरच्या ॲक्रोपोरा मिलेपोरा प्रवाळांचा संकर करून, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांच्या अळ्या तापवलेल्या पाण्यात ठेवल्या गेल्या. उत्तरेकडच्या उष्ण पाण्यातले आईबाप लाभलेल्या अळ्यांची तगण्याची शक्यता दहापटीपर्यंत वाढली, म्हणजे सोशिकता वारशाने मिळते. मग २०२० च्या अभ्यासात याच प्रजातीचे १२ ठिकाणचे २३७ नमुने वाचले गेले. उष्णता सोसण्याचे एकच प्रभावी जनुक काही सापडले नाही. अनेक जनुकांतले बारीक फरक मिळून हा गुण घडतो, आणि सोबतचे शैवाल कोणत्या जातीचे आहे यावरही बरेच ठरते.

मग सोशिक वसाहती निवडून त्याच सगळीकडे का लावू नयेत? कारण मोजक्या वसाहतींच्या प्रतींनी भरलेली प्रवाळभित्ती उष्णता सोसेलही, पण उद्याच्या रोगाला तोंड देणारे फरक गमावून बसेल. शिवाय उष्णता सोसणाऱ्या शैवालासोबत प्रवाळाची वाढ बरेचदा मंदावते. नैसर्गिक निवडीवर सोडून द्यावे, असाही युक्तिवाद होतो. पण निवडीतून वाचलेल्यांना वाढून प्रजननक्षम व्हायला काही वर्षे लागतात. ग्रेट बॅरियर रीफवर मात्र २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये व्यापक विरंजन झाले, म्हणजे उष्णतेने शैवाल गमावून प्रवाळ पांढरे पडले. प्राचीन महाविनाशांतून प्रवाळांचा वंश तगला हे खरे, पण त्यानंतर प्रवाळभित्ती पुन्हा उभ्या राहायला लाखो वर्षे गेली.

म्हणून जनुकवाचनाचा खरा उपयोग कोणत्या वसाहती आधी जपायच्या आणि कुठल्या अळ्या प्रवाहांबरोबर कुठे पोहोचू द्यायच्या, हे ठरवण्यात आहे. ऑस्ट्रेलियातली उत्तरे मालवणच्या किंवा विजयदुर्गासमोरच्या आंग्रिया बँकेवरच्या प्रवाळांना जशीच्या तशी लागू होणार नाहीत. त्यांचे जनुकसंच स्वतंत्रपणेच वाचावे लागतील. तोवर त्या वसाहती जगायला हव्यात, आणि त्यासाठी कार्बनचे उत्सर्जन घटवण्याला पर्याय नाही.