हॅलस्टेड स्ट्रीटवरचं बिऱ्हाड

१८८९ सालच्या सप्टेंबरात शिकागो शहराच्या हॅलस्टेड स्ट्रीटवर दोन मैत्रिणींनी बिऱ्हाड थाटलं. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार. दोघी तिशीच्या आसपासच्या, शिकल्यासवरल्या, अविवाहित. घर सांभाळायला सोबत मेरी कीझर. चार्ल्स हल नावाच्या जमीनजुमल्याच्या व्यापाऱ्यानं १८५६ साली हे घर बांधलं, तेव्हा तो भाग शहराबाहेरचा होता. तेहेतीस वर्षांत शहरानं घराला गिळलं. आता एका बाजूला दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूला अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचं दुकान आणि चहूकडे इटालियन, रशियन आणि पोलिश ज्यू, बोहेमियन, जर्मन, आयरिश अशा परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या खोल्या. हातावर पोट असलेली माणसं. पुरुष मिळेल त्या मजुरीला, बाया घरी बसून तयार कपड्यांचं शिवणटिपण करणाऱ्या किंवा कारखान्यात जाणाऱ्या.

ॲडम्सनं आदल्या वर्षी लंडनचा टॉयनबी हॉल पाहिला होता. विद्यापीठातले तरुण तिथे गरीब वस्तीत जाऊन राहत. कल्पना तिथून उचललेली, पण या घराची, म्हणजे हल हाऊसची, सूत्रं सुरुवातीपासून बायकांच्या हातात राहिली. इथे राहणाऱ्या कार्यकर्त्यांना ‘रहिवासी’ म्हणत आणि राहण्या-जेवणाचे पैसे ते स्वतः भरत. दानधर्म करून संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यात परतायचं, ही तेव्हाची श्रीमंती रीत. इथे मात्र नळाला पाणी आलं नाही तर ते रहिवाशांनाही नाही, आणि गल्लीत कचरा कुजला तर त्याचा वास त्यांच्याही माडीवर.

पहिलं काम ठरवून हाती घेतलेलं नव्हतं. कामावर जाणाऱ्या आया मुलांना घरात कोंडून जात. ॲडम्सनं पुढे आपल्या आठवणींत तीन अपंग मुलांची हकीकत लिहिली आहे. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेलं. दुसरं भाजलेलं. तिसऱ्याला तीन वर्षं रोज दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवत, त्यानं त्याचा कणा वाकला. दुपारी थोरला भाऊ जवळच्या कारखान्यातून धावत यायचा, त्याला सोडायचा, दोघं मिळून जेवायचे आणि पुन्हा बांधाबांध. आई निष्ठुर नव्हती, तिला दुसरा इलाज नव्हता. बालवाडी सुरू झाली, पाठोपाठ पाळणाघर. मग आंघोळीची सोय, कारण आसपासच्या एक तृतीयांश चौरस मैलात न्हाण्याचे टब होते अवघे तीन. हल हाऊसच्या मागच्या बाजूच्या न्हाणीघरांवर एवढी झुंबड उडाली की, तीच गर्दी पुरावा म्हणून नगरपालिकेपुढे ठेवता आली. १८९४ मध्ये शहरानं त्या भागात सार्वजनिक स्नानगृह उघडलं.

हे सगळं वाचून वाटेल, चांगल्या घरच्या बाया आल्या आणि गरिबांचं भलं करून गेल्या. प्रत्यक्षात त्यांचे डाव अनेकदा फसले, आणि संस्था घडली ती त्या फसण्यातून.

सार्वजनिक स्वयंपाकघराचंच घ्या. दिवसभर शिवणकाम करून थकलेली बाई घरी काय रांधणार? मुलांना डबाबंद आणि निकस खाणं मिळतं. तेव्हा शास्त्रीय पद्धतीनं मंद आचेवर शिजवलेलं पौष्टिक सूप आणि कालवण स्वस्तात विकावं, अशी योजना झाली. रहिवासी बॉस्टनला जाऊन पद्धत शिकून आले, चुली आल्या, हिशेब बसले. गिऱ्हाईक काही येईना. इटलीतून आलेल्या बाईला बॉस्टनच्या चवीचं सूप कशाला रुचेल? एका शेजारणीनं तर तोंडावर सांगितलं की, अन्न पौष्टिक असेल, नाही असं नाही, पण आपल्याला आवडेल तेच आपण खाणार. पथ्याचं जेवण अंगणवाडीत, शाळेत, दवाखान्यात वाढलेल्या कुणालाही हे उत्तर ओळखीचं वाटेल. हल हाऊसनं नाक मुरडलं नाही. तीच जागा कॉफी हाऊस म्हणून चालवली. बायाबापड्यांना, पोरांना गुत्त्याखेरीज चार घटका टेकायला जागा हवी होती, ती मिळाली. कॉफी हाऊस तुडुंब चाललं.

दुसरा प्रसंग डॉ. ॲलिस हॅमिल्टनचा. ती १८९७ मध्ये राहायला आली आणि तान्ह्या मुलांसाठी दवाखाना काढला. इटालियन आयांना ती पुस्तकातलं ज्ञान सांगे: दात येईपर्यंत दुधाशिवाय काही देऊ नका. नंतर एका आईनं गुटगुटीत पोर आणून दाखवलं, आणि त्याला तळलेलं अंडं चारल्याचं सांगितलं. हॅमिल्टननं आत्मचरित्रात कबूल केलं आहे की, त्या आयांचं शहाणपण तिच्या पुस्तकांपेक्षा सरस होतं. १९०२ मध्ये वॉर्डात टायफॉइडची साथ आली, तेव्हा तिनं माश्यांवर ठपका ठेवणारा अभ्यास केला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढे कळलं की, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं होतं आणि आरोग्य खात्यानं ते दडपलं होतं. हीच हॅमिल्टन पुढे कारखान्यांतल्या शिशाच्या विषबाधेचा माग काढणारी देशातली पहिल्या फळीची तज्ज्ञ झाली आणि १९१९ मध्ये हार्वर्डनं अध्यापकवर्गात नेमलेली पहिली स्त्री.

शेजारी राहण्यानं आणखी एक गोष्ट झाली: मदतीचा प्रश्न मोजणीचा झाला आणि मोजणीचा कायद्याचा. पहिल्याच नाताळात मिठाई वाटताना काही छोट्या मुलींनी हात पुढे केला नाही. चौकशी केली तर कळलं, सणाच्या हंगामात सहा आठवडे त्या सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मिठाईच्या कारखान्यात राबत होत्या. मिठाईचं तोंडही पाहवत नव्हतं. १८९१ च्या अखेरीस फ्लॉरेन्स केली नवऱ्याला सोडून तीन मुलांसह या दारात आली आणि राहिली. अशा मुलींचं आणि घराघरांतल्या शिवणकामाचं तिनं पद्धतशीर टिपण केलं. १८९३ मध्ये इलिनॉय राज्यानं कायदा केला: चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी आणि बायकांना आठ तासांचा दिवस. राज्यपाल आल्टगेल्ड यांनी मुख्य कारखाना निरीक्षक नेमलं ते केलीलाच. आठ तासांचं कलम १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं उडवलं. बाकीची लढाई चालूच राहिली. त्याच वर्षी रहिवाशांनी वस्तीचे रंगीत नकाशे छापले. कोणत्या घरात कोणत्या देशाचं कुटुंब, आठवड्याची कमाई किती, घरोघर नोंदवलेलं. अठरा राष्ट्रीयत्वं निघाली.

कचऱ्याची गोष्टही तशीच. रस्त्यात बसवलेल्या मोठाल्या लाकडी पेट्या भरून वाहत आणि मुलं त्यांवरच खेळत. तक्रारी करून दाद लागेना, तेव्हा ॲडम्सनं कचरा उचलण्याचं टेंडरच भरलं. तांत्रिक कारणानं ते फेटाळलं गेलं, पण बोभाटा एवढा झाला की महापौरांनी तिला वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. वर्षाला हजार डॉलर पगार. पहाटे उठून ती गाड्यांच्या मागं जाई. एका बोळात तर घाण उपसता उपसता दीड फूट खाली फरसबंदी लागली. तिथे फरसबंदी आहे, हेच लोक विसरले होते.

एकट्यादुकट्या बायकांसाठी झालेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. बुटांच्या कारखान्यातल्या संपकरी मुलींची बैठक हल हाऊसमध्ये भरली होती. संप मोडतो कुठे, हे त्या मुलींनीच सांगितलं: ज्यांना खोलीचं भाडं भरायची धास्ती, त्या आधी माघार घेतात. आपलं स्वतःचं वसतिगृह असेल तर एकमेकींना सांभाळून घेता येईल. पुस्तकबांधणी करणारी कामगार पुढारी मेरी केनी हिच्या पुढाकारानं ‘जेन क्लब’ निघाला. पहिल्या महिन्याचं भाडं आणि सामान हल हाऊसनं दिलं, पुढचा कारभार मुलींचा. आठवड्याची वर्गणी तीन डॉलर. तिसऱ्या वर्षाअखेर त्या इमारतीतले सहाही फ्लॅट क्लबकडे होते. कुणी अधीक्षिका नाही, दाराला रात्रीचं कुलूप लावणारं कुणी नाही.

युरोपातून एकट्या येणाऱ्या मुलींचा प्रश्न आणखी बिकट. न्यूयॉर्कला बोटीतून उतरायचं, शिकागोची गाडी धरायची, हातात एक पत्त्याचा चिटोरा. पत्ता चुकीचा निघायचा, मामा-काका घर बदलून गेलेला असायचा, स्टेशनवर गाडीवान आणि दलाल टपलेले. १९०८ मध्ये हल हाऊसच्या मंडळींनी स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढली आणि ग्रेस ॲबट तिची संचालक झाली. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून शिकागोकडे निघालेल्या एकट्या मुलींची नावं-पत्ते मागवायचे आणि त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या बाईनं घरी जाऊन त्या पोचल्या का, काम मिळालं का, मालक पैसे देतो का, हे बघायचं. कारभार साधा होता, पण तो बघणं कुणाचंच कर्तव्य नव्हतं.

आणि मग घरातला दुरावा. मुलं इंग्रजी शिकून अमेरिकन होत, आईच्या डोक्यावरचा रुमाल त्यांना लाजिरवाणा वाटे. रस्त्यात एक इटालियन म्हातारी टकळीवर सूत काढताना ॲडम्सला दिसली आणि १९०० मध्ये ‘श्रमांचं संग्रहालय’ निघालं. वस्तू कमी, माणसं जास्त. देशोदेशीच्या बायका तिथे बसून आपापल्या पद्धतीनं सूत कातत, विणत. एक मुलगी स्वयंपाकाच्या वर्गाला यायची ती आईपासून वेगळ्या दारानं, कुणी दोघींना एकत्र बघू नये म्हणून. एकदा तिनं पाहिलं की, पाहुण्यांचा घोळका आईभोवती उभा आहे आणि अमेरिकेत हिच्या तोडीची टकळी चालवणारी नाही असं कौतुक चाललं आहे. नंतर दोघी एकाच दारानं येऊ लागल्या.

१९०७ पर्यंत एका घराच्या तेरा इमारती झाल्या. १८९९ मध्ये शिकागोत देशातलं पहिलं बालन्यायालय उभं राहिलं, त्यामागे हल हाऊसची रहिवासी ज्युलिया लॅथ्रॉप आणि तिच्या सोबतिणी होत्या. १९१२ मध्ये ती केंद्र सरकारच्या बालकल्याण विभागाची पहिली प्रमुख झाली आणि तिच्यानंतर ग्रेस ॲबट. ॲडम्सला १९३१ चं शांततेचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं, १९३५ मध्ये ती गेली. हिशेबाची दुसरी बाजूही आहे: युरोपीय स्थलांतरितांसाठी सताड उघडं असलेलं हे दार दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांसाठी फार उशिरा आणि तेही बेताचंच उघडलं.

याच परंपरेचं एक बिऱ्हाड मुंबईतही आलं. अमेरिकन मराठी मिशनचे, शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशर्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उघडलं. नागपाडा म्हणजे नाना धर्मांच्या, गावाकडून पोटासाठी आलेल्या लोकांची दाटीवाटी. काम करता करता मॅनशर्टना दिसलं की, नुसता कळवळा पुरत नाही, शिकलेली माणसं लागतात. १९३६ मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं, मॅनशर्ट पहिले संचालक. १९४४ मध्ये त्याचं नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झालं. या संस्थेच्या देवनारच्या आवारात आज शिकणाऱ्या मुलामुलींच्या वंशावळीत हॅलस्टेड स्ट्रीट आहे, तो असा.

मूळ हल हाऊसचं काय झालं? इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी १९६० च्या दशकात वस्तीसकट बहुतेक इमारती पाडल्या. वस्तीतल्या बायका त्याविरुद्ध लढल्या आणि हरल्या. जुनं घर आणि भोजनगृह तेवढं संग्रहालय म्हणून राहिलं. संस्था शहरभर विखुरली, बहुतांश सरकारी निधीवर चालू लागली, आणि निधी आटल्यावर जानेवारी २०१२ मध्ये बंद पडली. तोवर पाळणाघरं, क्रीडांगणं, बालन्यायालयं, कारखाना निरीक्षण ही कामं कधीच दुसऱ्यांच्या हाती गेली होती, आणि ती जावीत असंच ॲडम्सला वाटे. पण वस्तीत राहणं कुणी चालवायला घेतलं नाही. समाजकार्य पगारी व्यवसाय झालं, त्यात शिस्त आली, पदव्या आल्या. त्याचबरोबर कार्यकर्ता सकाळी येणारा आणि संध्याकाळी जाणारा झाला.

सगळ्यांनी वस्तीत जाऊन राहावं, असं म्हणणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. पण स्थलांतरित बायकांसाठी काम करणाऱ्या कोणत्याही केंद्राला, ते शिकागोत असो की मानखुर्दला, एक प्रश्न विचारता येतो. किती जणींना लाभ दिला, हे अहवालात असतंच. त्यांच्यापैकी कुणाच्या सांगण्यावरून गेल्या वर्षात तुम्ही आपली कोणती योजना गुंडाळलीत? पौष्टिक सूप गुंडाळून कॉफी हाऊस काढणाऱ्यांना याचं उत्तर देता आलं असतं.