पैसे घेताना पिन कशाला?

भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडी-खाणींमुळे वसलेल्या नंदिनी नगरात एखाद्या घरी बदलीचा हुकूम आला, की जुने कपाट, सायकल विकावयास निघते. पूर्वी गिऱ्हाईक शेजारीच मिळे. आता ते मोबाइलवर शोधतात.

वाचकहो, न पाहिलेले गिऱ्हाईक घासाघीस न करता भाव मान्य करते, स्वतःस सैनिक म्हणविते आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर कोड पाठविते, तेव्हा तेथेच थांबा! २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसे देण्यासाठी पिन लागतो. घेण्यासाठी कधीच नाही.

खरेदी करतानाही वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावाचून आगाऊ रक्कम देऊ नये. फसगत झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. वेळीच कळविल्यास पैसा वाटेतच अडविता येतो.