जुन्या मोटारीचा नवा आवाज

वसईच्या एखाद्या वाडीत, माडाच्या सावलीत ताडपत्री पांघरून उभी असलेली प्रीमियर पद्मिनी तुम्ही पाहिली आहे का? कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० या नावाने आणि पुढे पद्मिनी या नावाने ही मोटार तयार होई. सन २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण हौसेने सांभाळलेल्या काही गाड्या अजून धावतात. अशा गाडीत पूर्वीचा रेडिओ असला, तर घरातील तरुण मंडळी हटकून म्हणतात, “हा काढून नवा स्टीरिओ बसवू या!”

वरवर पाहता हे काम दोन-चार तारा जोडण्याचे वाटते. प्रत्यक्षात त्यात दहावीच्या पुस्तकातील बरेचसे भौतिकशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्रही दडलेले आहे.

खोक्यावरचे वॅट खरे किती?

नव्या संचाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. हा आकडा आपण तपासून पाहू.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. एंजिन चालू असताना विद्युत दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. मोटारीतील ध्वनिक्षेपकाचा रोध साधारण ४ ओहम असतो. साध्या विवर्धकात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, दाब मध्यबिंदूपासून वर ७.२ आणि खाली ७.२ व्होल्ट एवढाच झुलू शकतो. अशा झुलत्या दाबाचे परिणामी मूल्य काढण्यासाठी ७.२ ला १.४१ ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे ५.१ व्होल्ट. आता शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. ५.१ × ५.१ ÷ ४, म्हणजे अवघे साडेसहा वॅट!

यावर अभियंत्यांनी एक युक्ती काढली. ध्वनिक्षेपकाच्या दोन्ही टोकांना एकेक विवर्धक जोडायचा. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. त्यामुळे दाब दुप्पट होतो आणि शक्ती चौपट, म्हणजे सुमारे २६ वॅट होते. ही झाली आदर्श मर्यादा. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळते. मग ५० कोठून आले? १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा. उत्तर सुमारे ५२ येते. म्हणजे दाब क्षणभरही न उतरता सदैव टोकाला राहिला, तर मिळणारी ही शक्ती आहे. तसे केल्यास गाणे ऐकू येणार नाही, नुसती घरघर ऐकू येईल.

शिवाय शक्ती दुप्पट केली म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून वॅटच्या मागे धावण्याआधी ध्वनिक्षेपकाकडे लक्ष द्यावे. दिलेल्या विजेपैकी शंभरातील एखादाच भाग तो ध्वनीत बदलतो. बाकीची उष्णता होते. दोन ध्वनिक्षेपकांच्या संवेदनशीलतेत ३ डेसिबलचा फरक असेल, तर चांगला निवडणे म्हणजे विवर्धकाची शक्ती फुकटात दुप्पट करण्यासारखेच आहे!

दार हीच पेटी

ध्वनिक्षेपकाचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लाट वळसा घालून पुढे आली, की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. उच्च स्वरांच्या लाटा आखूड असल्याने त्यांना हे फारसे बाधत नाही. पण १०० हर्ट्झच्या खर्ज स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. ती लाट सहज वळते. म्हणून पत्र्याच्या मोठ्या भोकात सैल बसवलेल्या ध्वनिक्षेपकातून तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही.

उपाय स्वस्त आहे. ध्वनिक्षेपक जाड लाकडी कड्यावर घट्ट बसवावा, कडेने रबराची पट्टी लावावी आणि दाराच्या आतल्या पत्र्यातील मोकळी भोके बंद करावीत. तळाची पाणी वाहून जाण्याची भोके मात्र कधीही बुजवू नयेत! जुन्या गाड्यांत मागील काचेखालच्या फळीवर ध्वनिक्षेपक बसवत. तेथे सामान ठेवण्याची डिकीच आयती पेटी होई.

खारा वारा आणि पावसाळा

भुईगाव, कळंब, अर्नाळा येथील समुद्राचा वारा अंगाला सुखावतो, पण मोटारीला नव्हे. हवेतील क्षारांमुळे तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि लोखंडी पत्रा गंजतो. मोटारीत वीज परत नेणारी वेगळी तार सहसा नसते; गाडीचा सांगाडाच ते काम करतो. सांगाड्याला तार जोडलेल्या स्क्रूखाली गंज चढून ०.१ ओहम रोध वाढला, तर १० अँपिअर प्रवाहाला तेथेच १ व्होल्ट दाब गमवावा लागतो. म्हणून तेथील पत्रा चकचकीत घासावा आणि जोड पक्का झाल्यावर त्यावर ग्रीस लावावे.

जुन्या ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू पावसाळी दमटपणाने लिबलिबीत होतो आणि त्याची स्पंजाची किनार कुजते. किनारपट्टीवर प्लॅस्टिकचा शंकू आणि रबरी किनार अधिक टिकते.

फ्यूज कोठे असावा?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोठ्या विवर्धकासाठी थेट बॅटरीपासून तार आणली आणि वाटेत ती पत्र्याच्या धारेने सोलली गेली, तर काय होईल? १२ व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. पण एंजिन फिरवणारी ही बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तार लालबुंद होते, तिचे वेष्टन पेटते आणि गाडी जळू शकते.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो दुसऱ्या टोकाला, विवर्धकापाशी असेल, तर मधली सारी तार असंरक्षित राहते. तारेची जाडीही महत्त्वाची. ५ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०८५ ओहम असतो. १० अँपिअर प्रवाहाने तिच्यात साडेआठ वॅट उष्णता निर्माण होते. छेद चौपट केला, की उष्णता चौथाई होते. पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी कडे बसवावे. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि शेवटची जोडणी जाणत्या विजेच्या कारागिराकडून तपासून घ्यावी.

रेडिओची खरखर

एंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर संशय विद्युतजनित्रावर आणि सैल जोडांवर घ्यावा. स्पार्क प्लगची ठिणगी हेदेखील एक छोटे प्रक्षेपण केंद्रच असते! तिची टकटक मध्यम लहरींवर फार जाणवते, एफ.एम.वर कमी. मात्र एफ.एम. लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. १०० मीटर उंच मनोऱ्यापासून क्षितिज ३६ किलोमीटरच असते. वातावरणातील वक्रीभवनाने लहरी थोड्या पुढे पोचतात. तुंगारेश्वरच्या डोंगरासारख्या उंचवट्यावरून परावर्तित लहर मूळ लहरीत मिसळली, तर मोटार पुढे सरकताना आवाज फडफडतो. असा दोष नवा संच बसवून जात नाही.

करून पाहा

जुन्या रेडिओतला लहान ध्वनिक्षेपक लांब तारेने जोडून हातात धरा आणि गाणे ऐका. आता मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट धरा. खर्ज एकदम भरेल. वॅट तेवढेच, खर्च शून्य!

आणि आवाज किती मोठा ठेवावा? ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही कानाची मर्यादा मानली जाते. दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. ध्वनिक्षेपक बिघडला तर दुकानात दुसरा मिळतो. अंतःकर्णातील केशपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.