नखाखालची गांठ

दुखणें लहान कीं मोठें, हें त्याच्या आकारावरून ठरवूं नये, हा धडा आम्हांस साठी उलटल्यावर मिळाला. आणि तो देणारी आमची धाकटी भगिनी होती.

तिच्या उजव्या अनामिकेचें टोंक सात वर्षें ठणकत असे. सूज नाहीं, जखम नाहीं. नखाच्या मुळाशीं किंचित् निळसर छटा काय ती दिसे. परंतु पौषांत नळाखालीं हात गेला कीं कळ थेट खांद्यापर्यंत चढे. कोणी संधिवात म्हणाले, कोणी नसांची दुर्बलता; आणि घरांतल्या आम्हीं सर्वांनीं "मनाचे खेळ" असा निवाडा देऊन टाकला. एकदां ती म्हणाली, "दादा, दुखणें मनाचें असेल, तर पाणी थंड कीं ऊन, हें त्याला कसें कळतें?" जन्मभर मुलांस व्याकरण नि तर्क शिकविणारे आम्ही, पण या प्रश्नास उत्तर देऊं शकलों नाहीं.

उत्तर अखेर एका शस्त्रवैद्यांनीं दिलें. त्यांनीं टाचणीचें डोकें नखावर जागोजाग दाबून पाहिलें. एका बिंदूवर ती कळवळली. जवभर बाजूस मात्र कांहींच नाहीं. मग हात वर धरवून दंडावर रक्तदाब मोजण्याची पट्टी आवळली, व रक्त थांबल्यावर तोच बिंदू पुन्हां दाबला. आतां वेदना नाहीं! एम. आर. आय. चित्रानें निदान पक्कें झालें: ग्लोमस ट्यूमर.

बोटांच्या टोंकांस त्वचेखालीं सूक्ष्म रोहिणी व नीला यांस जोडणारे गुंडाळीसारखे पुंजके असतात. थंडी-उष्म्याप्रमाणें रक्ताचा ओघ कमीअधिक करणें हें त्यांचें काम. त्यांतील पेशी वाजवीहून अधिक वाढल्या म्हणजे ही गांठ होते. ती असते बहुधा थोड्या मिलिमीटरांची. पण वर नख, खालीं हाड, अशा कैचींत सांपडल्यानें ती जीव नकोसा करते. एडिंबरोच्या विल्यम वुड यांनीं १८१२ मध्यें अशा दुखऱ्या गांठींचें वर्णन केलें. त्यांचें मूळ फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पियेर मासाँ यांनीं १९२४ मध्यें उलगडलें. ती क्वचित् जठरांत किंवा श्वासनलिकेंतही आढळते. बहुतेक निरुपद्रवी असते. समूळ काढली कीं रोगी मोकळा होतो, अंश राहिला तर ती पुन्हां उद्भवते.

आमच्या चुकीस आमची विद्याही कारण झाली. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अर्बुदाचें लक्षण आम्हीं वाचलें होतें: मोठें, स्थिर, खोल मुळांचें, सावकाश वाढणारें, न पिकणारें व अल्पवेदनेचें. येथें गांठ मोहरीएवढी, आणि वेदना भयंकर! जें लक्षणांत बसेना, तें आम्हीं खोटें ठरविलें.

तथापि सुश्रुतांचें तें वर्णन आजही विसरण्याजोगें नाहीं. अंगावरील बहुतेक मऊ गांठी साध्या चरबीच्या असतात. परंतु मांसमेदादि मऊ धातूंचा कर्करोग, सार्कोमा, दुर्मिळ असला तरी शरीरांत कोठेंही उद्भवूं शकतो. आणि तो पुष्कळदां दुखत नाहीं. म्हणून जी गांठ वाढत आहे, खोल आहे, किंवा पांच सेंटिमीटरांहून मोठी आहे, ती "दुखत नाहीं ना?" म्हणून सोडूं नये, अथवा घाईनें कापूनही घेऊं नये. आधीं तज्ज्ञाकडून चित्र व तुकड्याची तपासणी, मग शस्त्र, हाच क्रम योग्य.

भगिनीची गांठ काढून तीन वर्षें झालीं. गेल्या पौषांत ती थंड पाण्यानें तुळशीवृंदावन धूत असतां आम्ही ओसरीवरून पाहात होतों. तिनें आम्हांस कधीं बोल लावला नाहीं. म्हणून तो आम्हींच येथें लावून घेत आहों. वाचकहो, घरांतील कोणी "दुखतें" म्हणाले, तर प्रथम खरें मानावें. कारण शोधण्याचें काम मग वैद्याचें.